प्रेषिताचा हिशेब

१

नोकरीची चोवीस वर्षे मी सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण करण्यात घालवली. धर्मशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण मी घेतलेले नाही आणि मी ख्रिस्तीही नाही. तरी गेली काही वर्षे माझ्या टेबलावर अमेरिकेतल्या स्वतंत्र ख्रिस्ती नेत्यांची पुस्तके पडलेली असतात आणि घरचे विचारतात, तुमचा या लोकांशी संबंध काय? संबंध असा, की मी दौंडला राहतो. पुण्याकडची गाडी धरली की थोड्या वेळात केडगाव लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनबद्दल जमेल तेवढे वाचावे म्हणून सुरुवात केली आणि १९०५ साली तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीचा माग काढता काढता भलत्याच मुलखात जाऊन पोचलो.

त्या जागृतीविषयी रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती चिली देशातल्या वाल्पाराइसो शहरी विलिस हूवर या मेथडिस्ट मिशनऱ्याच्या घरी पोचली. हूवरबाई आणि एब्रम्सबाई शिकागोला एकत्र शिकलेल्या होत्या. १९०९ साली हूवर यांच्या मंडळीत तशीच जागृती झाली, मूळ संघटनेशी फारकत झाली आणि चिलीची स्वतंत्र पेंटेकॉस्टल परंपरा उभी राहिली. पुढे पीटर वॅग्नर नावाचे एक अमेरिकन मिशनरी १९५६ ते १९७१ या काळात शेजारच्या बोलिव्हियात काम करत होते. लॅटिन अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची वाढ पाहून त्यांचे विचार पालटले आणि १९७३ साली त्यांनी या वाढीवर पुस्तकच लिहिले. याच वॅग्नर यांनी नव्वदच्या दशकात असे प्रतिपादन सुरू केले, की प्रेषितांचे युग संपलेले नाही. देव आजही प्रेषित नेमतो आणि मंडळ्यांचा कारभार समित्यांच्या हातून या प्रेषितांच्या हाती चालला आहे. या चळवळीला त्यांनी 'न्यू अपोस्टॉलिक रिफॉर्मेशन' असे नाव दिले. मराठीत नवप्रेषितीय सुधारणा म्हणता येईल.

लेखापरीक्षकाच्या मनात अशा वेळी जो प्रश्न पहिला येतो तोच माझ्या मनात आला. या प्रेषितांचा हिशेब कोण तपासतो? हिशेब म्हणजे पैशांचा तर आहेच, पण वागण्याचा, दिलेल्या शब्दांचा आणि वापरलेल्या अधिकाराचाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

२

'प्रेषित' हा शब्द मराठी बायबलने ग्रीक 'अपोस्तोलोस'साठी घेतला, तो नेमका आहे. प्रेषित म्हणजे पाठवलेला. कुणी 'पाठवलेला' आहे असे म्हटले की पाठवणारा आलाच. पाठवणारा देव आहे हे उत्तर श्रद्धेच्या पातळीवर पुरेसे असेल. पण देवाने पाठवले असे सांगणारा माणूस जर तो स्वतःच असेल, तर शब्दातला अर्धा अर्थ गळून पडतो. नव्या करारातल्या मंडळ्यांना ही अडचण ठाऊक होती असे तो वाचताना पानोपानी जाणवते.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पौल आणि बर्णबा यांना अंत्युखियाची मंडळी उपास-प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून रवाना करते. दौरा संपल्यावर दोघे त्याच गावी परत येतात, मंडळी गोळा करतात आणि काय काय घडले ते सांगतात. ज्यांनी पाठवले त्यांनाच अहवाल. पुढे वाद उद्भवतो तेव्हा तो मिटवायला दोघे यरुशलेमेस जातात, म्हणजे आपल्या प्रांताबाहेरच्या लोकांसमोर उभे राहतात. त्याच अंत्युखियात पौल पेत्राला सर्वांसमक्ष दोष देतो, ही हकीकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पेत्र हा येशूच्या निकटच्या शिष्यांपैकी, पौल मागून आलेला. तरी जाब विचारायला ज्येष्ठता आड आली नाही.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकी जागा करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौल ठिकठिकाणी मदतनिधी गोळा करतो आहे. ती रक्कम नेताना सोबत एक माणूस दिला आहे, आणि तो पौलाने निवडलेला नाही, मंडळ्यांनी निवडलेला आहे. कारणही पौल स्वतःच देतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेबद्दल कुणी आम्हाला दोष लावू नये. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती. दुसऱ्यांना शंका घेण्याचा हक्क आहे हे मात्र त्याला मान्य होते.

याच परंपरेतले आणखी एक जुने पुस्तक म्हणजे 'दिदाखे', बारा प्रेषितांची शिकवण. त्याचे हस्तलिखित फिलोथेऑस ब्रियेनिऑस यांना १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ साली छापले गेले. त्यात गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांबद्दल सरळ नियम आहेत. प्रेषित आला तर त्याचे प्रभूसारखे स्वागत करावे. त्याने एक दिवस राहावे, गरज असली तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. हे नियम लिहिणारे लोक गरीब आणि भाविक होते, पण भोळे नव्हते. प्रेषिताची परीक्षा त्यांनी त्याच्या चमत्कारांवर सोडली नाही. ती कुणालाही करता येईल अशी ठेवली: दिवस मोजा, हात पुढे येतो का पाहा.

यावरून उत्तरदायित्वाची चार लक्षणे मला दिसतात. विचारणारा आधीपासून ठरलेला असतो. तो उत्तर देणाऱ्याने निवडलेला नसतो. विचारण्याची वेळ ठरलेली असते, म्हणजे संकट येण्याची वाट पाहिली जात नाही. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे काय होणार हे दोघांनाही माहीत असते. उत्तरदायित्व या शब्दात उत्तर आहे. पण आधी प्रश्न असेल तरच त्या उत्तराला काही अर्थ.

३

वॅग्नर यांची बैठक समजून घ्यायची तर पुन्हा आपल्याकडे यावे लागते. त्यांचे गुरू डोनाल्ड मॅक्गॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली मध्य प्रांतातल्या दमोह इथला. मिशनरी घराण्यातला हा माणूस मध्य भारतात कित्येक वर्षे राबला आणि एकाच प्रश्नाने पछाडला गेला: काही मंडळ्या वाढतात आणि काही वर्षानुवर्षे आहेत तेवढ्याच का राहतात? १९५५ साली त्यांनी 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हे पुस्तक लिहिले आणि १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना येथील फुलर सेमिनरीत या विषयाचे विद्यालय सुरू केले. वॅग्नर तिथे आधी विद्यार्थी होते, १९७१ पासून अध्यापक झाले.

म्हणजे या विचारपरंपरेच्या मुळाशी वाढ हे मोजमाप आहे. मंडळी वाढते आहे ना, मग तिथे देवाचा हात आहे, अशी या विचाराची धाव. या कसोटीने जगाकडे पाहताना वॅग्नर यांना दिसले, की जुन्या पंथसंघटना आटत चालल्या आहेत आणि एकेका प्रभावी नेत्याभोवती जमलेल्या स्वतंत्र मंडळ्या फुगत आहेत. १९९६ साली फुलरमध्ये त्यांनी या नेत्यांची मोठी परिषद भरवली. १९९९ साली 'चर्चक्वेक' हे पुस्तक आले. त्यातले मध्यवर्ती विधान असे, की या नव्या मंडळ्यांतला सर्वांत मूलगामी बदल म्हणजे पवित्र आत्म्याने व्यक्तींकडे सोपवलेला अधिकार. जुन्या व्यवस्थेत अधिकार समितीचा, परिषदेचा, घटनेचा; नव्या व्यवस्थेत तो माणसाचा.

याच सुमारास 'इंटरनॅशनल कोअलिशन ऑफ अपॉसल्स' ही प्रेषितांची आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली आणि वॅग्नर लवकरच तिचे अध्यक्षीय प्रेषित झाले. पुढील लेखनात त्यांनी प्रेषितांचे प्रकार पाडले. उभे प्रेषित म्हणजे ज्यांच्या हाताखाली मंडळ्यांचे आणि पाळकांचे जाळे आहे ते. आडवे प्रेषित म्हणजे बरोबरीच्या नेत्यांना एकत्र आणणारे. आडव्या प्रेषिताने जमवलेले लोक त्याच्या अधिकाराखाली येत नाहीत, हे या वर्गीकरणातच गृहीत आहे. वॅग्नर यांना धोका दिसत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रेषिताला कुणी विचारायचे हा प्रश्न त्यांनी स्वतः उपस्थित केला आहे. पण उत्तर म्हणून भिस्त ठेवली ती समकक्ष प्रेषितांमधल्या जिव्हाळ्याच्या नात्यांवर.

जाळ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ब्रॅड क्रिस्टर्सन आणि रिचर्ड फ्लोरी या दोन समाजशास्त्रज्ञांचे 'द राइज ऑफ नेटवर्क क्रिश्चॅनिटी' हे पुस्तक २०१७ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. कुठल्याही पंथसंघटनेत न सामावणाऱ्या, जाळ्याने जोडलेल्या नेत्यांचा इतका समतोल अभ्यास मी दुसरा वाचलेला नाही. संघटना बांधत बसण्यापेक्षा माणसांशी नाते जोडले की नवे प्रयोग करता येतात, ठरावासाठी अडून राहावे लागत नाही, तरुण नेत्याला पंचवीस वर्षे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या रेडिंग गावच्या बेथेल चर्चने २००६ साली 'असेंब्लीज ऑफ गॉड' ही आपली पंथसंघटना सोडली आणि त्यानंतर तिचा प्रभाव जगभर पसरला. ज्याने सहकार खात्याच्या परिपत्रकांच्या ढिगाऱ्यात आयुष्य काढले त्याला समित्यांचा कंटाळा कसा येतो हे सांगायला नको. मात्र हेच लेखक दाखवतात, की ज्या गोष्टीमुळे ही जाळी चपळ होतात तिच्यामुळेच देखरेख विरळ होते. दोन्ही एकाच नाण्यातून विकत घेतलेले आहे.

४

नात्यांवर आधारलेल्या उत्तरदायित्वाचा एक मोठा प्रयोग याआधी होऊन गेला होता. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल शहरी १९७० च्या सुमारास काही नामांकित शिक्षक एकत्र आले: डेरेक प्रिन्स, बॉब मम्फर्ड, चार्ल्स सिम्प्सन, डॉन बॅशम, आणि १९७४ साली त्यांना मिळालेले अर्न बॅक्स्टर. यांपैकी प्रिन्स यांचा जन्म १९१५ सालचा, बंगळूरचा; पुढे केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकलेला हा विद्वान माणूस. त्यांचे एकत्र येण्याचे कारण समजण्याजोगे होते. ओळखीतल्या एका धर्मसंस्थेतला नैतिक घोटाळा त्यांनी जवळून पाहिला होता. आपणही एकटे आहोत, आपणही घसरू शकतो, ही भीती त्यांना वाटली. म्हणून त्यांनी परस्परांना बांधून घेतले.

इथवर सगळे चांगले. पण मग हीच कल्पना खाली उतरली. प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक मेंढपाळ हवा, त्या मेंढपाळाच्या वर आणखी एक, असे करत करत साखळी वरच्या पाचांपर्यंत गेली. 'छत्र' हा या चळवळीचा लाडका शब्द. खालच्या माणसाने लग्न, नोकरी, घर बदलणे अशा गोष्टींतही छत्र धरणाऱ्याची संमती घ्यावी, असे अनेक ठिकाणी होऊ लागले. १९७५ साली वाद उघड्यावर आला. दूरचित्रवाणीवरचे प्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी जाहीर हल्ला केला. पुढे प्रिन्स बाहेर पडले, १९८६ साली 'न्यू वाइन' हे मासिक बंद झाले आणि १९८९ साली मम्फर्ड यांनी जाहीर माफी मागितली. ही माफी मला मोलाची वाटते, कारण ती दुर्मिळ आहे.

या प्रयोगातली बांधणी मात्र पुन्हा पाहावी. खालचा प्रत्येक जण वरच्याला उत्तरदायी. वरचे पाच एकमेकांना. खालून वर प्रश्न जाण्याची वाट कुठेच नाही. पतसंस्थेत असे चित्र दिसले तर आम्ही म्हणू, कर्जदारांची तपासणी चोख आहे आणि संचालक मंडळाची मुळीच नाही. उत्तरदायित्व हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला तितक्या वेळा तो खालच्याला उद्देशून होता. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याच्याकडून हिशेब मागणे याला दुसरे नाव आहे, आणि ते नाव ताबा.

५

आता २००८ सालाकडे येऊ. फ्लोरिडातल्याच लेकलंड गावी त्या एप्रिलमध्ये टॉड बेंटली या कॅनडाच्या तरुण प्रचारकाच्या सभा सुरू झाल्या. आठवड्यापुरत्या ठरलेल्या सभा महिनोन्‌महिने चालल्या, मंडपात हलवाव्या लागल्या, 'गॉड टीव्ही' या वाहिनीने त्या जगभर दाखवल्या. आजार बरे होतात, मेलेले उठतात असे दावे व्यासपीठावरून होत राहिले. देशोदेशींचे आजारी लोक आले. दावे तपासून पाहा, असे म्हणणारे ख्रिस्ती टीकाकार पहिल्यापासून होते, पण त्यांना विचारण्याचा अधिकार कुणी दिलेला नव्हता.

२३ जून २००८ रोजी व्यासपीठावर एक समारंभ झाला. वॅग्नर स्वतः आले. शे आन, जॉन अर्नॉट आणि बिल जॉन्सन हे तीन वजनदार नेते आले. बेंटली यांना या प्रेषितांशी 'जोडून' घेण्याचा हा विधी होता. उत्तरदायित्व निर्माण करणे हा त्याचा सांगितलेला हेतू. बेंटली यांच्यावर हात ठेवले गेले आणि त्यांची सत्ता, अधिकार, प्रभाव वाढत जातील अशी घोषणा वॅग्नर यांनी केली.

समीक्षक एखाद्या कवितेतला शब्द न्‌ शब्द तपासतो तसा हा समारंभ तपासावासा वाटतो. जोडणी आधी झाली आणि चौकशी नंतर करायची होती. खरे तर ती झालीच नाही. कॅमेरे सुरू होते आणि हजारो लोक जल्लोष करत होते, म्हणजे अवघड प्रश्न विचारण्यासाठी याहून अयोग्य जागा सापडली नसती. विचारणारे कोण असावेत हे ज्याला विचारायचे त्याच्या संमतीने ठरले. आणि ज्या वाक्यांतून उत्तरदायित्व स्थापन व्हायचे होते त्यांतून अधिकार मात्र वाढवून दिला गेला. मर्यादा घालणारे एकही कलम त्या घोषणेत नव्हते.

सात-आठ आठवडे गेले. ऑगस्टमध्ये बेंटली दांपत्य विभक्त होत असल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ त्यांच्या संस्थेच्या संचालक मंडळाने निवेदन काढले: कर्मचारीवर्गातल्या एका स्त्रीशी त्यांचे भावनिक पातळीवर अयोग्य संबंध जुळले आहेत आणि ते सेवाकार्यातून बाजूला होत आहेत. इथे एक तपशील निसटू देता कामा नये. हे निवेदन कोणी काढले? व्यासपीठावर हात ठेवणाऱ्या प्रेषितांनी नव्हे. 'फ्रेश फायर मिनिस्ट्रीज' या संस्थेच्या, ज्याला आपण कागदी म्हणून हसतो तशा, साध्या संचालक मंडळाने. नंतर वॅग्नर यांनी पत्रे लिहून खुलासा केला, की बेंटली यांची जोडणी त्या तिघांशी होती. आपण विधी पार पाडला, पण देखरेखीचे छत्र आपले नव्हते. खुलासा खोटा नसेल. पण आडव्या प्रेषिताचे वर्गीकरण प्रत्यक्षात कसे काम करते हे त्यातून उघड झाले. मान सगळ्यांचा, भार कुणाचाच नाही.

पुढे दुसरे नेते रिक जॉयनर यांच्या देखरेखीखाली बेंटली यांचे 'पुनर्वसन' झाले आणि ते व्यासपीठावर परतले. २०१९ साली नवे आरोप झाले. मायकेल ब्राउन यांच्या पुढाकाराने नेत्यांचे एक मंडळ बसले आणि बेंटली नेतृत्वाला पात्र नाहीत असा निष्कर्ष त्याने २ जानेवारी २०२० रोजी जाहीर केला. हे काम धैर्याचे होते. पण निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापलीकडे त्या मंडळाच्या हाती काहीच नव्हते. जाळ्यातून कुणाला काढता येत नाही, कारण जाळ्याला दारच नसते. एक नाते तुटले की माणूस दुसऱ्या नात्याकडे सरकतो.

६

यावर एक रास्त आक्षेप येईल: जुन्या संघटनांनी तरी काय दिवे लावले? जानेवारी २००२ मध्ये 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताने मुलांवरील अत्याचार वर्षानुवर्षे कसे झाकले हे बाहेर काढले. तिथे बिशप होते, कायदे होते, हजार वर्षांची परंपरा होती.

आक्षेप मान्य आहे. रचना असली की सचोटी येतेच असे नाही. पुष्कळदा कुंपणच शेत खाते. पण बॉस्टनचे प्रकरण सिद्ध कशामुळे झाले? धर्मप्रांताच्या दप्तरात फायली होत्या आणि न्यायालयाने त्या उघड करायला लावल्या. कोणाची बदली कुठे झाली, कोणी कोणाला काय कळवले, सारे कागदावर होते. पीडितांना जाब विचारायला एक पत्ता होता, एक पद होते, त्या पदावर बसलेला माणूस होता. नात्यांच्या जाळ्यात गुन्हा कमी घडतो की जास्त हे मी सांगू शकणार नाही. पण तिथे फोनवर बोलणे होते, एकत्र जेवणे होते, प्रार्थना होते; फाईल होत नाही. मागाहून येणाऱ्या माणसाला काहीच सापडत नाही.

आणि स्वतंत्र असणे म्हणजे बेजबाबदार असणे, असेही नाही. त्याचा पुरावा माझ्या शेजारी केडगावला आहे. रमाबाईंइतकी स्वतंत्र बाण्याची ख्रिस्ती व्यक्ती शोधून सापडणार नाही. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमध्ये असताना सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. चर्चचा अधिकार म्हणून कुठलीही गोष्ट डोळे मिटून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. तरी १८८९ साली शारदासदन काढले तेव्हा त्यांच्यामागे बोस्टनचे मंडळ होते, ज्याने दहा वर्षांसाठी मदतीचा शब्द दिला होता आणि ज्याला त्या अहवाल देत होत्या. इथे सल्लागार मंडळ होते, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. हे त्यांचे धर्मबंधू नव्हते, चाहते असले तरी होयबा नव्हते. शाळेतल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याचा वाद पेटला तेव्हा १८९३ साली दोघांनी राजीनामे दिले. बोस्टनहून मंडळाच्या वतीने जुडिथ अँड्र्यूजबाई येऊन पाहणी करून गेल्या. रमाबाई त्या सगळ्यातून आपल्या मताला चिकटून राहिल्या. त्यांचे बरोबर की रानडे-भांडारकरांचे, यावर आजही दोन मते आहेत. पण वाद उघड्यावर झाला, कारण राजीनामा देऊ शकतील आणि त्या राजीनाम्याला किंमत असेल अशी माणसे त्यांनी आपल्याभोवती ठेवली होती. ज्यांच्या जाण्याने आपले काहीच अडणार नाही अशांना सल्लागार नेमणे फार सोपे असते.

७

हे सारे अमेरिकेतल्या चार नेत्यांबद्दल लिहायला मला एवढे का टोचावे, याचे उत्तर दिल्याखेरीज लेख संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी एका पतसंस्थेचे लेखापरीक्षण करत होतो. अध्यक्ष सज्जन म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. दक्षता समितीत त्यांचेच मित्र. आसपासच्या पतसंस्थांचे अध्यक्ष त्यांच्याकडे तज्ज्ञ संचालक, ते त्यांच्याकडे. प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल खात्री द्यायचा आणि ती खात्री मनापासून असायची. कर्जवाटपात मला काही गोष्टी खटकल्या. तपासणीच्या आठवडाभर मी त्यांच्या घरी जेवत होतो. मी शेरा लिहिला: कर्जवाटपात अधिक दक्षता घेणे इष्ट. आणि वर्ग दिला 'अ'.

'लेखापरीक्षण वर्ग अ' ही पाटी त्यांनी दारावर लावली. काही वर्षांत संस्था बुडाली. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मला बाजारात भेटले. फंडाचे पैसे त्यांनी तिथे ठेवले होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही तपासलं होतं ना? पाटी बघूनच ठेवले होते हो."

लेकलंडच्या समारंभाचे वर्णन वाचताना मला ती पाटी आठवली. मंडपात बसलेल्या, दूरदेशी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आजारी माणसांनी ते हात पाहिले. एवढ्या मोठ्या लोकांनी हात ठेवले म्हणजे त्यांनी तपासले असेल, असे त्यांना वाटले असणार. तपासले नव्हते. मीही नव्हते तपासले, तपासायला हवे तसे. त्या प्रेषितांच्या हेतूंबद्दल मला संशय नाही, जसा माझ्या त्या वेळच्या हेतूबद्दल नाही. हेतूचा प्रश्नच नव्हता. आम्ही आमच्या माणसाच्या घरी जेवत होतो.

म्हणून मला वाटते, मैत्री आणि देखरेख ही दोन कामे एकाच माणसाकडे देऊ नयेत. प्रेषितांना मित्र हवेत. एकाकी नेता लवकर घसरतो हे फोर्ट लॉडरडेलच्या पाच जणांनी बरोबर ओळखले होते. पण करिंथच्या वाटेवर मंडळ्यांनी पौलासोबत धाडलेला तो माणूस वेगळा. पत्रात त्याचे नावही दिलेले नाही. तो पौलाचा मित्र होता की नव्हता, कोण जाणे. त्याचे काम एवढेच होते: थैलीबरोबर चालायचे, आणि परत आल्यावर ज्यांनी पाठवले त्यांना सांगायचे.